औषधाच्या दुकानातली वयाची रेषा

(स्त्री-आरोग्य शिबिरात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

सकाळच्या सत्रात आपण बायकांच्या रोजच्या दुखण्यांविषयी पुष्कळ मोकळेपणाने बोललो. लघवीला जळजळ, सारखी लघवीला लागणे, अंगावरून पांढरे जाणे, खाज. यातले एकही दुखणे नवलाईचे नाही. आपल्या आया-आज्या 'उन्हाळी लागली' म्हणायच्या, धण्याचे पाणी प्यायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या. बाईने अशी दुखणी अंगावर काढायची असतात, हे आपण कुणी न शिकवताच शिकलो. दुपारच्या सत्रात मला त्याच्या पुढच्या पायरीविषयी बोलायचे आहे. समजा, बाईने ठरवले की आता अंगावर काढायचे नाही, औषध घ्यायचे. ती उठून औषधाच्या दुकानात गेली. तिथे तिला औषध मिळते का? आणि 'तुमच्या वयाला हे देता येत नाही' असे उत्तर मिळाले, तर तिने पुढे काय करायचे?

मी समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि गेली काही वर्षे लंडनच्या पश्चिम भागात आशियाई बायकांसाठी चालणाऱ्या एका केंद्रात काम करते. तिथे गुजराती, पंजाबी, तमिळ बायका येतात, तशा मराठीही येतात. काही जणी अलीकडे नोकरीनिमित्त आलेल्या आहेत. काही १९६०-७० च्या दशकात नवऱ्याबरोबर गेलेल्या आणि आता सत्तरीच्या घरात असलेल्या. आज मी मुख्यतः इंग्लंडमधल्या एका योजनेबद्दल बोलणार आहे, कारण वयाची रेषा तिथे कागदावर स्पष्ट लिहिलेली आहे. लिहिलेली रेषा तपासता येते, तिच्याशी भांडता येते. आपल्याकडची रेषा कुठे लिहिलेली नाही, म्हणून ती दिसत नाही. तिच्याकडे मी शेवटी येईन.

योजना काय आहे?

इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेत प्रत्येक कुटुंबाचा ठरलेला डॉक्टर असतो. साध्या दुखण्यासाठीसुद्धा त्याची वेळ मिळवावी लागते, आणि त्यासाठी सकाळी आठ वाजता फोनला चिकटून बसावे लागते. डॉक्टरांवरचा हा भार कमी व्हावा म्हणून ३१ जानेवारी २०२४ रोजी 'फार्मसी फर्स्ट' नावाची योजना तिथे सुरू झाली. सात साध्या आजारांसाठी डॉक्टरकडे न जाता थेट औषधाच्या दुकानात जायचे. तिथला प्रशिक्षित फार्मासिस्ट तुम्हाला दुकानातल्याच एका बंद खोलीत बसवून प्रश्न विचारतो, आणि गरज असेल तर अँटिबायोटिकसुद्धा देतो. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही.

या सातही आजारांना वयाची अट आहे, आणि प्रत्येकाची अट वेगळी. घसा दुखत असेल तर वय पाच वर्षे किंवा जास्त हवे. सायनसच्या त्रासाला बारा वर्षे पूर्ण हवीत. नागिणीसाठी अठरा. कीटक चावून चिघळलेली जखम, किंवा मुलांच्या तोंडाभोवती येणारे पू आणि खपली धरणारे फोड, यांना एक वर्ष पूर्ण असले की पुरे. कानाच्या आतल्या संसर्गाला एक ते सतरा, म्हणजे मोठ्या माणसाचा कान ठणकत असेल तर ही योजना त्याच्यासाठी नाही. आणि सातवा आजार म्हणजे आपली 'उन्हाळी', मूत्रमार्गाचा साधा जंतुसंसर्ग. हे औषध फक्त बायकांना मिळते, आणि तेही सोळा ते चौसष्ट या वयातल्या.

या सातव्या आजारावरच मी थांबणार आहे, कारण तो आपला आहे. बाईचा मूत्रमार्ग आखूड असतो, त्यामुळे जंतू मूत्राशयापर्यंत लवकर पोचतात. म्हणून हा त्रास पुरुषांपेक्षा आपल्याला कितीतरी जास्त होतो.

फार्मासिस्ट तीन गोष्टी विचारतो. लघवी करताना जळजळ होते का? रात्री लघवीसाठी उठावे लागू लागले आहे का? लघवी गढूळ दिसते का? यातली दोन किंवा तीन उत्तरे 'हो' असतील तर नायट्रोफ्युरँटॉइन नावाच्या औषधाचा तीन दिवसांचा डोस मिळतो. त्याआधी काही धोक्याच्या गोष्टी विचारल्या जातात. ताप आणि हुडहुडी आहे का, बरगड्यांच्या खाली पाठीत दुखते का, उलट्या होतात का, दिवस गेलेले आहेत का, सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा हाच त्रास झाला आहे का. यातले काही असेल तर दुकानात औषध नाही, डॉक्टरच हवा. हे सारे योग्यच आहे. गर्भारपणी किंवा मूत्रपिंडापर्यंत संसर्ग गेलेला असताना तीन दिवसांच्या गोळ्यांवर भागत नाही.

ज्या बाईला पूर्वी डॉक्टरच्या वेळेसाठी दोन-तीन दिवस तळमळत काढावे लागत, तिला आता संध्याकाळी कामावरून परतताना औषध मिळते. गर्दीसमोर बोलावे लागत नाही. ही योजना बायकांच्या सोयीची आहे हे मी आधीच मान्य करते. प्रश्न आहे तो रेषेच्या अलीकडे आणि पलीकडे राहिलेल्यांचा.

ही रेषा कुणी ओढली, आणि का?

वयाची अट म्हटली की आपल्याला लगेच वाटते, बायकांना अडवण्याची ही आणखी एक युक्ती. पण आधी कारण समजून घेतले पाहिजे. कारण कळल्याशिवाय आपण भांडलो, तर चुकीच्या माणसाशी भांडू.

पासष्टच्या पुढे का नाही? पाळी गेल्यावर शरीरातले इस्ट्रोजेन कमी होते, तिथली त्वचा पातळ होते आणि संसर्ग वाढतात. म्हणजे गरज वाढते. पण त्याच वयात आणखी एक गोष्ट घडते. म्हाताऱ्या माणसांपैकी पुष्कळांच्या मूत्राशयात काही त्रास नसतानाही जंतू असतात, आणि त्यांना औषधाची गरज नसते. त्यामुळे खरा संसर्ग कोणता हे ओळखणे अवघड होते. शिवाय वयाबरोबर मूत्रपिंडाचे काम मंदावते. मूत्रपिंड अशक्त असेल तर नायट्रोफ्युरँटॉइन नीट लागू पडत नाही आणि त्याचा अपाय होऊ शकतो. मधुमेह, रक्तदाब, इतर गोळ्या, हेही असतेच. म्हणून लघवीचा नमुना तपासून, मूत्रपिंडाचा अहवाल पाहून डॉक्टरने ठरवावे, असा विचार त्यामागे आहे.

सोळाच्या आत का नाही? लहान मुलीच्या मूत्रमार्गाचा संसर्ग हा साधा मानत नाहीत. तो नीट तपासला नाही तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, म्हणून नमुना तपासणे आवश्यक ठरते. दुसरे कारण असे, की एखाद्या मुलीवर कुणी जबरदस्ती करत असेल, तर दुकानातून गोळ्या मिळाल्यावर ते कुणाच्या लक्षातच येणार नाही.

पुरुषांनाही या आजारासाठी दुकानात औषध मिळत नाही, कारण त्यांच्यात हा संसर्ग झाला तर त्यामागे बहुधा दुसरे काही कारण असते. म्हणजे ही रेषा केवळ बायकांच्या द्वेषापोटी ओढलेली नाही.

आणखी एक तांत्रिक गोष्ट लक्षात घ्या. अँटिबायोटिक हे तिथे चिठ्ठीशिवाय न मिळणारे औषध आहे. फार्मासिस्ट ते देतो ते एका लेखी आदेशाच्या आधारावर. अमुक वयाच्या, अमुक लक्षणांच्या माणसाला अमुक औषध द्यावे, असे त्यात लिहिलेले असते. त्या कागदाच्या बाहेर पाऊल टाकायचा अधिकार त्याला नाही. चौसष्ट वर्षे अकरा महिन्यांच्या बाईला तो औषध देऊ शकतो आणि पासष्ट वर्षे एक दिवस झालेल्या बाईला देऊ शकत नाही. तिची प्रकृती दणकट असली तरीही. काउंटरवर उभ्या असलेल्या त्या पोरावर आपण कितीही रागावलो, तरी ते त्याच्या हातात नाही.

गंमत अशी की सगळ्या रेषा एका ठिकाणी नसतात. योनिमार्गातल्या बुरशीच्या त्रासासाठी, म्हणजे खाज आणि दह्यासारखे पांढरे जाणे यासाठी, फ्लुकोनॅझोलची एक गोळी तिथे चिठ्ठीशिवाय विकत मिळते. पण ती सोळा ते साठ या वयातच. साठीनंतर खाज किंवा स्राव असेल तर त्यामागे दुसरे काही गंभीर नाही ना, हे तपासायला हवे, हे त्याचे कारण. पण बासष्ट वर्षांच्या बाईला हे कुणी समजावून सांगत नाही. तिला एवढेच कळते, की लघवीच्या जळजळीला औषध मिळाले, आणि त्या गोळ्यांनंतर खाज सुटली तेव्हा त्याच दुकानात 'नाही' म्हणाले. औषधाच्या पैशांचे वय आणखी निराळे. इंग्लंडमध्ये साठीनंतर सरकारी औषधाला पैसे पडत नाहीत. इतरांना २०२५ साली प्रत्येक औषधामागे ९ पाउंड ९० पेन्स द्यावे लागत होते. म्हणजे साठीला औषध फुकट होते आणि पासष्टीला ते देणारी जवळची जागा बंद होते.

'नाही' या शब्दानंतर काय होते?

मैत्रिणींनो, माझा खरा मुद्दा इथून सुरू होतो. रेषा ओढायला कारण असू शकते. पण रेषेच्या पलीकडच्या बाईला 'इथे नाही' एवढेच सांगितले, आणि 'मग कुठे, केव्हा, कुणाकडे' हे सांगितले नाही, तर त्या कारणाचा काही उपयोग उरत नाही. पासष्ट वर्षांच्या बाईला डॉक्टरने नीट तपासावे म्हणून ती रेषा आहे. ती डॉक्टरपर्यंत पोचलीच नाही, तर तिची काळजी घेणारी रेषाच तिला उपचाराविना ठेवते.

नियम असा आहे की औषध देता येत नसेल तर फार्मासिस्टने तिला पुढची वाट दाखवावी. काही जण ते मनापासून करतात. डॉक्टरच्या दवाखान्यात स्वतः फोन लावून देणारे फार्मासिस्ट मी पाहिले आहेत. पण व्यवहार वेगळाही असतो. योजना सुरू झाली तेव्हा प्रत्येक सल्ल्यामागे दुकानाला १५ पाउंड मिळत होते. मात्र स्वतःहून दुकानात आलेली बाई अटीत बसली नाही तर तिच्यासाठी घालवलेल्या वेळाचे पैसे नाहीत. मग रांगेत दहा माणसे उभी असताना तिला किती वेळ दिला जाणार?

आमच्या केंद्रात येणाऱ्या एक मावशी आहेत, सत्तरीच्या जवळ आलेल्या. त्यांना हा त्रास सुरू झाला तेव्हा त्या दुकानात गेल्या. वय विचारले, 'डॉक्टरकडे जा' असे सांगितले. मावशींचे इंग्रजी बाजारहाट करण्यापुरते. फोनवर आधी यंत्र बोलते, मग स्वागतिका तक्रार काय ते विचारते. लघवीच्या जागी जळजळ होते, हे इंग्रजीत कसे सांगायचे? आणि घरात सांगायचे तर कुणाला? सून कामावर. मुलाला सांगायची लाज. शेवटी दहा वर्षांच्या नातवाने फोन केला. त्याने सांगितले, 'आजीचे पोट दुखते.' पोटदुखीसाठी पुढच्या आठवड्याची वेळ मिळाली. चौथ्या दिवशी ताप आणि थंडी भरून आल्यावर रुग्णवाहिका बोलवावी लागली. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता. मावशी बऱ्या झाल्या, पण रुग्णालयात राहावे लागले.

यात एक गोष्ट मी मुद्दाम सांगते. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत दुभाषा मागण्याचा हक्क रुग्णाला आहे, आणि त्याचे पैसे रुग्णाला द्यावे लागत नाहीत. अगदी तातडीची वेळ सोडली तर सोळा वर्षांखालच्या मुलाला दुभाषा म्हणून वापरू नये, अशा त्यांच्याच सूचना आहेत. म्हणजे इथेही एक वयाची रेषा आहे, आणि ती आजीच्या बाजूची आहे! पण ती मावशींना कुणी सांगितली नव्हती. अडवणारी रेषा काउंटरवर लगेच कळते. हक्काची रेषा शोधत जावे लागते.

आता दुसऱ्या टोकाची मुलगी. वय पंधरा. जळजळ होते म्हणून ती शाळेतून परस्पर दुकानात गेली. तिथे वय सांगितल्यावर उत्तर मिळाले, 'आईला घेऊन डॉक्टरकडे जा.' आईला सांगितले तर आई विचारणार, हे कशामुळे झाले? तिच्या बाबतीत काहीच 'तसले' नव्हते. शाळेतली स्वच्छतागृहे घाण म्हणून ती दिवसभर पाणी पीत नसे आणि लघवी दाबून ठेवत असे. पण आपल्या घरांत या जागेच्या दुखण्याला संशयाशिवाय दुसरा अर्थच नसतो. म्हणून ती गप्प बसली. आमच्या मुलींच्या गटात तिने मैत्रिणीकरवी विचारले, म्हणून आम्हाला कळले.

तिला जे माहीत नव्हते ते असे. इंग्लंडमध्ये सोळा वर्षांची व्यक्ती स्वतःच्या उपचाराला स्वतः संमती देऊ शकते, हे १९६९ च्या कायद्याने ठरले. आणि सोळाच्या आतली मुलगीही, तिला उपचार काय आहे हे पुरेसे समजत असेल तर, आईवडिलांशिवाय संमती देऊ शकते. १९८५ साली तिथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने गिलिक खटल्यात हा निकाल दिला. व्हिक्टोरिया गिलिक या आईने, सोळाखालच्या मुलींना पालकांना न कळवता गर्भनिरोधनाचा सल्ला डॉक्टरांनी देऊ नये, म्हणून हा खटला लढवला होता. ती हरली, आणि तिचेच नाव त्या तत्त्वाला पडले. म्हणजे त्या पंधरा वर्षांच्या मुलीला दुकानात औषध मिळणार नव्हते हे बरोबर. पण ती एकटी डॉक्टरकडे जाऊ शकत होती, आणि तिला कुणाकडून धोका आहे असे वाटले नाही तर डॉक्टर तिची गोष्ट गुप्त ठेवायला बांधील होता. दुकानातल्या माणसाने 'आईला घेऊन' हे दोन शब्द स्वतःच्या पदरचे घातले. त्या दोन शब्दांनी तिचा रस्ता बंद झाला.

आमच्या केंद्रात आम्ही यावर फार मोठे काही केले नाही. एक कार्ड छापले. एका बाजूला इंग्रजीत: 'मला लघवीला जळजळ होते. माझे वय पासष्टच्या वर आहे. मला आजच डॉक्टरची वेळ आणि माझ्या भाषेचा दुभाषा हवा आहे.' दुसऱ्या बाजूला तेच बाईच्या भाषेत. काउंटरवर बोलायची लाज वाटली तर कार्ड पुढे करायचे. मुलींसाठी वेगळे कार्ड केले, त्यावर लिहिले की तुला एकटीला जाता येते. कार्ड साधेच आहे, पण 'नाही' ऐकल्यावर हातात काहीतरी उरते.

आपल्याकडे काय?

तुम्ही म्हणाल, ही सारी तिकडची चैन झाली. आपल्याकडे 'मेडिकल'मध्ये जा, काय होते ते सांग, चार गोळ्या मिळतात. वय कुणी विचारत नाही. हे खरे आहे. कायद्याने अँटिबायोटिक आपल्याकडेही चिठ्ठीशिवाय देता येत नाही. काही महत्त्वाच्या औषधांसाठी १ मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच-वन' लागू झाले, त्यांची विक्री दुकानदाराने वहीत नोंदवायची असते. पण व्यवहार आपण सगळ्याच जाणतो. 'चार गोळ्या' म्हणजे अर्धवट डोस, कधी चुकीचे औषध, आणि प्रश्न एकही नाही. दिवस गेलेत का, ताप आहे का, मूत्रपिंडाचा आजार आहे का, हे कोण विचारते? शिवाय हे सगळे भररस्त्यावरच्या काउंटरवर, मागे ओळखीचे चारजण उभे असताना. अशा अर्धवट औषधांनी जंतू निबर होतात. २०१९ साली जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तेव्हा रेषा नसणे म्हणजे स्वातंत्र्य, असे समजण्याचे कारण नाही.

आणि आपल्याकडे खरोखरच रेषा नाही का? आहे, फक्त ती वयाची नसून लग्नाची आहे. पांढरे जाण्याची तक्रार घेऊन बाई गेली, की आधी गळ्याकडे आणि कपाळाकडे पाहिले जाते. लग्न झालेले असेल तर औषध मिळते. नसेल तर नजर बदलते. नवरा गेलेल्या बाईकडेही तशाच नजरेने पाहतात. 'तुला हे कसे झाले?' हा प्रश्न औषधासाठी नसतो.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ साली तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला, हे तुमच्यापैकी अनेकींना माहीत आहे. त्यात ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही विकार आढळला. त्यातले निम्मे विकार जननमार्गाच्या संसर्गाचे होते. आणि पूर्वी कधी आतून तपासणी झालेल्या बायका होत्या अवघ्या ८ टक्के. त्या अभ्यासात तेरा वर्षांपुढच्या मुलीही होत्या, बिनलग्नाच्याही होत्या. म्हणजे हे दुखणे लग्न पाहून येत नाही, हे आपल्याच महाराष्ट्राच्या मातीत सिद्ध झाले, त्यालाही साडेतीन दशके उलटून गेली.

अठराच्या आतल्या मुलीचा प्रश्न आता आणखी नाजूक झाला आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलीशी लैंगिक संबंध हा गुन्हा ठरवला, तिची संमती असली तरी. असा गुन्हा झाल्याची शंका आली तरी पोलिसांना कळवणे कलम १९ प्रमाणे बंधनकारक आहे. मुलींच्या रक्षणासाठी हा कायदा हवाच होता, आपल्यापैकी कितीजणी त्यासाठी झगडल्या आहेत. पण त्याच्या धास्तीने काही डॉक्टर सतरा वर्षांच्या मुलीची जळजळीची, खाजेची साधी तक्रारही हातात घ्यायला कचरतात. 'आईला आण', 'मोठ्या दवाखान्यात जा' म्हणून टोलवतात. खाज, पांढरे जाणे, जळजळ यांची बहुतेक कारणे लैंगिक संबंधाशी जोडलेली नसतात. ओला कपडा, लघवी दाबून ठेवणे, बुरशी, रक्तातली साखर. आणि खरोखर एखाद्या मुलीवर अत्याचार होत असेल, तर तिला टोलवल्याने ती सुरक्षित होत नाही. तिला धीराने विचारणारे माणूस भेटले तरच ते बाहेर येईल.

२०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी वेगळ्या दवाखान्यांची तरतूद केली गेली. आपल्या राज्यात हे दवाखाने 'मैत्री' या नावाने ओळखले जातात. आपल्या तालुक्यातले 'मैत्री' कुठे आहे, कोणत्या दिवशी उघडे असते, तिथे बाई डॉक्टर असते का, हे इथे बसलेल्या किती जणींना माहीत आहे? हात वर करू नका, मनाशीच उत्तर द्या.

आपण काय मागायचे, काय करायचे?

वयाची अट असो की नसो, माझ्या मते प्रत्येक ठिकाणी आपण तीन प्रश्न विचारले पाहिजेत. ही रेषा कशासाठी आहे? रेषेपलीकडच्या बाईने कुठे जायचे? आणि तिला तिथवर कोण पोचवणार? पहिल्याचे उत्तर डॉक्टरांनी, आरोग्य खात्याने आपल्या भाषेत द्यायला हवे. दुसऱ्याचे उत्तर 'नाही' म्हणणाऱ्याने तिथल्या तिथे, कागदावर लिहून द्यायला हवे: कुणाकडे, कधी. तिसऱ्याचे उत्तर पुष्कळदा आपणच आहोत.

गावातल्या, वस्तीतल्या औषधाच्या दुकानदाराशी संघटनेने बोलावे. काउंटरच्या एका कोपऱ्यात आडोसा करायला खर्च फारसा येत नाही. लग्न झाले का, हे विचारू नये. दिवस गेलेत का आणि ताप आहे का, हे विचारावे. चिठ्ठी नसेल तर औषध देऊ नये, पण जवळचे आरोग्य केंद्र आणि बाह्यरुग्ण विभागाची वेळ लिहिलेला कागद द्यावा. आशाताईंच्या बैठकीत किशोरी मुलींची आणि साठीपुढच्या बायकांची ही दुखणी नेमाने विषय म्हणून यावीत. या दोघींनाही मूल होण्याशी संबंध नाही, म्हणून त्या आपल्या कार्यक्रमांतून सुटतात. बाईचे शरीर गर्भाशयापुरते आणि पंधरा ते पंचेचाळीस वर्षांपुरतेच मोजायचे, ही सवय सरकारची आहे तशी थोडी आपलीही आहे.

आणि जाताना एवढे लिहून घ्या, घरी भिंतीला लावा. जळजळीबरोबर थंडी वाजून ताप, पाठीत बरगडीखाली दुखणे, उलटी, लघवीतून रक्त यांपैकी काही असेल, दिवस गेलेले असतील, मधुमेह असेल, वय सोळाच्या आत किंवा पासष्टच्या पुढे असेल, किंवा वर्षात तिसऱ्यांदा हा त्रास होत असेल, तर दुकानातल्या गोळीवर थांबायचे नाही. त्याच दिवशी डॉक्टर. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसले तरी उशीर न करता तपासणी. म्हातारी माणसे कधी जळजळ सांगत नाहीत, एकदम असंबद्ध बोलू लागतात. 'वय झाले' म्हणून ते सोडून देऊ नका. आणि डॉक्टरने अँटिबायोटिक दिले तर बरे वाटले म्हणून दुसऱ्या दिवशी बंद करू नका, उरलेल्या गोळ्या शेजारणीला देऊ नका.

तुमच्या तालुक्यात औषधाच्या दुकानात, आरोग्य केंद्रात वयावरून किंवा लग्नावरून कुणाला परत पाठवले असेल, तर तो अनुभव नाव न देता या त्रैमासिकाकडे लिहून पाठवा. दहा-वीस अनुभव एकत्र आले, की ते घेऊन आपण जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाऊ. एकटीची तक्रार तिथे किरकोळ ठरते. दहा-वीसजणींची तशी ठरवता येणार नाही.

आता तुमचे प्रश्न विचारा.